गुरुजींची साडेचारची गाडी

लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा पोंभुर्ण्याला आणलं, त्या दिवशी मी तिला रस्त्यातच सोडून आलो. स्टँडवरून खोलीपर्यंत मैलभराचा रस्ता. ती सायकलच्या कॅरिअरवर, मांडीवर पिशवी. ट्रंक मागून बैलबंडीनं यायची होती. पॅडल मारता मारता मी तिला नव्या गावाची माहिती देत होतो. विहिरीचं पाणी गोड आहे, जंगलखात्याच्या ऑफिसात मी कारकून असलो तरी पंखा माझ्याच डोक्यावर आहे, घरमालक जरा विचित्र आहेत पण मनानं चांगले आहेत. फाटकाशी घरमालकच उभे होते. त्यांनी मला थांबवलं, माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, कोनासंगं बोलून राह्यले तुम्ही?"

कॅरिअर रिकामं होतं. वाटेतल्या चढावर माझी दमछाक पाहून ती बिचारी उतरून चालायला लागली होती, आणि सायकल एकदम हलकी झाली तेव्हा मला वाटलं, लग्नानं आपल्या पायांत जोर आला. दहा मिनिटांनी ती चालत आली. घरमालकांनी तिला पाणी दिलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "बाई, चढावर उतरल्या, बरोबर केलं. चढावर उतराचंच असते. पन यायले सांगून उतरत जा. यायले समजत नाई."

अशी आमची त्या घरात सुरुवात झाली, आणि पुढची चार वर्षं त्या माणसानं आम्हाला जेरीस आणलं.

ते निवृत्त हेडमास्तर. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणे. पांढरा पायजमा, आणि पायजमा साखळीत अडकू नये म्हणून डाव्या घोट्याशी लोखंडी क्लिप. ही क्लिप सायकलवरून उतरल्यावर काढायची असते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते क्लिप लावून जेवत, क्लिप लावून लग्नाला जात, आणि विहारात वंदनेला बसत तेव्हाही ती क्लिप चमकत असे.

खोली देताना त्यांनी मला पगार विचारला नाही. जातही विचारली नाही. तो प्रश्न त्यांना स्वतःला आयुष्यात इतक्यांदा विचारला गेला होता की दुसऱ्याला विचारायची त्यांना शिसारी होती. ते म्हणाले, "सायकल येते काय? मंग या कडुनिंबापासून त्या विहिरीपर्यंत चालवून दाखवा. सावकाश. जो उशिरा पोचते, त्याले समोरची खोली." मी पेरूच्या झाडाजवळ पाय टेकला. मला मागची खोली मिळाली, गोठ्याला लागून. समोरच्या खोलीत एक कंपाउंडर राहत होता. तो म्हणे विहिरीपर्यंत सव्वा मिनिट लावून पोचला होता. चार वर्षं गुरुजी त्याचा दाखला मला देत राहिले. "चपळ मानसाचं काही खरं नाई, बाबू. जो सावकाश चालवू शकते, त्याच्याच हातात गाडी असते. बाकीचे गाडीच्या हातात असते."

वाहतुकीवर त्यांची मतं होती आणि ती ऐकणाऱ्याला सुटका नव्हती. मी दाढी करत असलो तरी ते आरशामागे येऊन उभे राहत. हॉर्न म्हणजे शिवी, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. मागून येताना ते नुसतं म्हणत, "आलो बरं." बाजारातल्या बाया न वळता बाजूला होत. मोठ्या सडकेवर ते डावीकडून जात नसत, उजवीकडून, समोरून येणाऱ्या ट्रकच्या अंगावर. का, तर "मारनाऱ्याचं तोंड तरी दिसलं पायजे." एकदा सायकलनंच नागपूरला जाऊन आले, तर आठवडाभर सिग्नलवर बोलत होते. "लाल दिवा पाहून थांबते बापा ते लोक. मानूस पाहून थांबत नाई."

सायकलला पुढचा ब्रेकही नव्हता. छप्पन साली दीक्षेला ते आणि गावातले तिघं सायकलींवरूनच नागपूरला गेले होते, तीन दिवस जायला, तीन यायला. परतताना उमरेडच्या अलीकडे उतारावर पुढच्या ब्रेकनं त्यांना तोंडावर पाडलं. दोन दात गेले. त्यांनी तिथंच, रस्त्याच्या कडेला, दगडानं ठोकून तो ब्रेक काढून टाकला. "दीक्षा घेऊन घरी जानाऱ्या मानसाले ज्यानं पाडलं, त्याले संगं ठेवाव काय?"

एसटीच्या लाल गाडीत मात्र ते कधी बसत नसत. पहिल्या वळणाला त्यांच्या पोटात कालवायचं. त्यावरही त्यांचा सिद्धांत होता: "डोळे पुढं जाते, पोट मागं राह्यते. दोघायची भेट होत नाई तोवर मानसाले बरं वाटत नाई." मोटारीत वीस वर्षांत पाऊल ठेवलं नाही, असं ते अभिमानानं सांगत. आणि याच माणसानं आम्हाला, म्हणजे धडधाकट पोटाच्या आणि काही एक काम नसलेल्या आम्हाला, आठवड्यातून दोनदा गाडीत कोंबलं.

त्याचं कारण आंबेटोल्याच्या तीन मुली.

आंबेटोला म्हणजे अकरा किलोमीटरवर, सडक संपते तिथलं गाव. गोंडांची तीस-पस्तीस घरं, मधला सारा रस्ता जंगलाचा. तिथल्या तीन मुली आमच्या गावच्या हायस्कुलात यायच्या. जैवंता दहावीत, दुसऱ्या दोघी नववीत. गुरुजींनीच त्यांच्या बापांच्या अंगणात महिनाभर बसून त्यांना शाळेत घातलं होतं. मुलींसाठी वसतिगृह नव्हतं. सकाळच्या गाडीनं यायचं, साडेचारच्या गाडीनं परत जायचं. जैवंताच्या बापानं एकच अट घातली होती: "गाडी हाये तोवर शाळा." आणि गुरुजींनी त्याला शब्द दिला होता, की पोर दिवस मावळायच्या आत घरी पोचेल.

एका सकाळी कंडक्टर चहाच्या टपरीवर सांगून गेला, "गुरुजी, साडेचारची बंद होऊन राह्यली. रिकामी जाते, रिकामी येते. तीन पोरी, एक टपालाची थैली, आनि बाजाराच्या दिवशी एखादी बकरी. वरून साहेब येनार हाये एक दिवस, गाडीत बसून पाहून जाईन, मंग ठरवन."

"कोनत्या दिवशी?"

"ते काय सांगून येते काय जी?"

गुरुजींनी चहा तसाच ठेवला. "रिकामी जाते म्हनून बंद ना? मंग भरून देऊ."

दुसऱ्या दिवशी आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर खडूनं तक्ता लिहिलेला होता. हेडमास्तरी अक्षर, वार डाव्या बाजूला, नावं उजव्या. सोमवार आणि गुरुवारपुढे लिहिलं होतं: मागच्या खोलीतले बाबू व बाई. कंपाउंडरला मंगळवार. शिंप्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला, निवृत्त पोस्टमनला एकेक वार. मी म्हणालो, "गुरुजी, पण आम्हाला आंबेटोल्याला काम नाही."

"गाडीत बसाले काम काऊन लागते? बसाचं, जाचं, त्याच गाडीनं परत याचं. सहाले घरी."

ऑफिसातून लवकर निघायला साहेबांना काय सांगू, असं विचारलं. ते म्हणाले, "खरं सांगा." मला सांगता आलं नाही. मी पोटदुखी सांगितली, आणि चार महिने दर सोमवारी आणि गुरुवारी माझं पोट दुखत राहिलं.

"बाबू, कुठी?" कंडक्टर विचारायचा.

"आंबेटोला."

"कोनाकडं?"

"कोणाकडं नाही."

तो तिकीट फाडायचा, पण नजर माझ्यावरच. महिन्याभरात ऑफिसात बातमी पसरली की माझं आंबेटोल्याला काहीतरी आहे. शिपाई हसायला लागला. साहेबांनी एकदा दार लोटून घेऊन, वडीलकीच्या आवाजात, मला संसाराचं महत्त्व सांगितलं. मी म्हणालो, बायकोही बरोबर असते. ते अधिकच गंभीर झाले.

बायकोला मात्र ती फेरी आवडायला लागली. माझा अर्धा संताप त्याचाच होता. मी खिडकीशी बसून घड्याळ बघे, आणि ती मागच्या बाकावर त्या तिघींत जाऊन बसे. तेंदूची फळं खाई, झाडांची गोंडी नावं विचारी. जैवंता गाडीतच गणितं सोडवायची, कारण घरी दिवा रात्री लवकर विझे. तिची वही मी पाहिली आहे. आकडे सरळ चाललेत, मधेच वर उसळलेत, पुन्हा सरळ. मास्तर म्हणे अक्षरासाठी रोज ओरडत. मला त्या वहीत आंबेटोल्याचा रस्ता ओळखू यायचा. हा पहिला नाला, हा मोहाच्या झाडाजवळचा खड्डा.

"बाबू, तुम्ही काऊन येता हो?" तिनं एकदा मला विचारलं.

"हवा खायला."

"हवा तं तिथी बी हाये," ती म्हणाली, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

गुरुजी स्वतः सायकलनं पुढे जाऊन चार किलोमीटरवरच्या रपट्याजवळ, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाशी, उभे राहत. गाडी रपट्यावर हळू होई, तेव्हा बोट वर करून खिडक्यांतली डोकी मोजत. एक डोकं कमी असलं की दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या दारात हजर. शिंप्यानं एकदा दांडी मारली, तर त्याच्या दुकानासमोर ते दीड तास नुसते उभे राहिले. गिऱ्हाइकं येईनात. शिंपी पुढच्या आठवड्यात दोनदा गेला.

मग एका बुधवारी कंडक्टरनं कानात सांगितलं: उद्या साहेब.

उद्या म्हणजे गुरुवार, आमचा वार. पण गुरुजींनी त्या दिवशी तक्ताच रद्द केला आणि सगळ्यांना बोलावलं. साऱ्या वारांची माणसं, त्यांच्या बायका, शेजारच्या आळीतले लोक, भजी तळणारा, गिरणीवाल्याकडे आलेले त्याचे पाहुणे. चार वाजताच आम्हाला स्टँडवर उभं करून त्यांनी पायरीवरून सूचना दिल्या, जणू आम्ही चौथीच्या परीक्षेला बसणार होतो. "गाडी आली की बसून घ्याचं. जागा सोडाची नाई. आंबेटोल्यापर्यंत कोनी उतराचं नाई. साहेबानं विचारलं, तं कामाले चाललो म्हना." एवढं सांगून ते सायकलवर टांग टाकून रपट्याकडे निघून गेले. त्यांना पुढे जाऊन मोजायचं होतं.

गाडी आली. एसटीचे साहेब पुढच्या सीटवर बसले होते, मांडीवर फाइल. आम्ही खिडकीतून रुमाल टाकले, टॉवेल टाकले, भजीवाल्यानं झारा टाकला. पाच मिनिटांत सीटा भरल्या, मधली वाट भरली, दार भरलं. मला खिडकी मिळाली, शेजारी बायको. मी खूश होतो, खोटं कशाला सांगू. इतक्या दिवसांच्या पोटदुखीचं आज चीज होणार होतं.

आणि मग शाळेकडून त्या तिघी आल्या. सावकाश, बोलत बोलत. त्यांनी कधी घाई केलीच नव्हती. साडेचारच्या गाडीत जागा नाही असं त्यांच्या जन्मात झालं नव्हतं.

जैवंतानं पायरीवर पाय ठेवला. कंडक्टरनं तिच्याकडे न बघता सांगितलं, "जागा नाई." साहेब मान वळवून बघत होते. एरवी तोच कंडक्टर तिची पिशवी हातात घ्यायचा. त्या दिवशी नियमाबाहेर माणूस घ्यायची त्याची छाती झाली नाही.

ती ओरडली नाही. पाय खाली घेतला, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर केली, आणि माझ्याच खिडकीकडे पाहत उभी राहिली. साऱ्यांनी त्या तिघींना पाहिलं होतं, आणि जो तो दुसऱ्याकडे पाहत होता, की हा उठेल.

"अहो," बायको म्हणाली.

"थांब," मी म्हणालो. "गुरुजींनी उतरायचं नाही म्हणून सांगितलंय."

घंटी वाजली. गाडी निघाली.

रपट्याजवळ गुरुजी उभे होते. गच्च भरलेली गाडी पाहून त्यांनी, मी पहिल्यांदाच पाहिलं, दोन्ही हात वर केले. मग नेहमीसारखं बोट उचलून मोजायला लागले. पहिली खिडकी, दुसरी, तिसरी. मागच्या बाकाच्या खिडकीशी बोट थांबलं. तिथं गिरणीवाल्याचे पाहुणे बसले होते.

त्यांनी सायकल आडवी केली आणि सडकेच्या मधोमध ठेवली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

"पोरी कुठी हाये?"

ते दाराशी आले. "मी विचारून राह्यलो, पोरी कुठी हाये?"

"स्टँडवर," बायको म्हणाली. "जागा नव्हती."

साहेब उठून दारात आले. "कोण तुम्ही? गाडी का थांबवली?"

गुरुजींनी पायजमा सारखा केला. "साहेब, या गाडीत एक बी प्रवासी नाई. हे सारे मीच बसवले. यायले कोनाले आंबेटोल्याले काम नाई. खरे तीन प्रवासी होते, ते तिथी राह्यले."

चार महिन्यांची माझी पोटदुखी त्यांनी एका दमात मातीत घातली.

"तीन?" साहेब म्हणाले. "फक्त तीन?"

"तीन."

"अहो, तीन माणसांसाठी एवढी गाडी पाठवायची?"

"तीनच हाये म्हनून तं गाडी पायजे," गुरुजी म्हणाले. "तीस असत्या तं गलका करत चालत गेल्या असत्या. अस्वल बी वाट सोडते तीस जनायले. तीन पोरीयले कोन वाट सोडते?"

साहेबांनी फाइल बंद केली.

"उतरा सारे," गुरुजी आम्हाला म्हणाले. "चार किलोमीटर हाये गाव. जा आपापल्या पायानं." भजीवाल्यानं कुरकुर केली. गुरुजींनी फक्त त्याच्याकडे पाहिलं, आणि तो झारा घेऊन उतरला. मी उतरलो तेव्हा त्यांनी सायकल माझ्या हातात दिली. "हातात धरून न्या. बसाचं नाई." मग वीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. गाडीची पायरी चढले. "साहेब, गाडी मागं घ्या. त्या पोरीयच्या बापायले मी शब्द देला हाये. मी संगं येतो."

गाडी वळली. आम्ही पन्नास-साठ माणसं सडकेनं चालायला लागलो. अर्ध्या तासानं गाडी समोरून परत आली, तेव्हा आम्ही कडेला झालो. पुढे साहेब, मागच्या बाकावर तिघी, आणि मधल्या एका खिडकीतून गुरुजींचं डोकं बाहेर लोंबत होतं. चेहरा पार उतरलेला, डोळे मिटलेले. माझ्याजवळून जाताना त्यांनी ते कसेबसे उघडले, मी सायकलवर बसलो तर नाही ना पाहिलं, आणि पुन्हा मिटले.

पुढचं सांगायचं तर, साहेबांनी काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. आठवड्यानं कंडक्टर सांगून गेला की साडेचारची मार्चपर्यंत राहील, परीक्षा होईस्तोवर. मार्च गेला, जून आला, गाडी चालूच राहिली. बंद करायची कोणाला आठवण राहिली नसावी, किंवा कोणीतरी मुद्दाम विसरलं असावं. जैवंता दहावी पास झाली. तिच्यामागे आंबेटोल्याच्या आणखी मुली आल्या.

भिंतीवरचा तक्ता गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसला. आठ दिवस ते खोलीकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी मी दाढी करत असताना आरशामागे येऊन उभे राहिले. मी सिग्नलवर काहीतरी ऐकायच्या तयारीत होतो.

"चूक माझी होती, बाबू," ते म्हणाले. "मी सारी गाडी मोजली. पोरी मोजल्या नाई."

आणि क्लिप चमकवत निघून गेले. त्या वेळी मला बरं वाटलं, हे कबूल करतो. कारण त्या गुरुवारी संध्याकाळी मी हेच ओरडून सांगत होतो. गरम पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून बसलो होतो, टाचा सोलल्या होत्या, चार किलोमीटर दुसऱ्याची सायकल ढकलून खांदा भरून आला होता. मी म्हणत होतो, सारा घोळ गुरुजींचा. कोणी उतरायचं नाही म्हणून त्यांनीच सांगितलं. नाहीतर कंडक्टरचा, त्यानं ओळखीच्या पोरींना पाय ठेवू दिला नाही. नाहीतर त्या साहेबाचा. माणसानं नियम पाळायचे तरी किती? एवढ्या माणसांत आपण दोघांनी काय करायचं होतं?

बायकोनं घमेल्यात आणखी थोडं गरम पाणी ओतलं.

"पोरी तीन होत्या," ती म्हणाली. "दोन जागा तं आपल्याच होत्या. आपन उठलो असतो, तं तिसरीसाठी कोनी ना कोनी उठलंच असतं."

मग तिनं केटली उचलली आणि ती आत निघून गेली.